स्टुडंट मेंबरशिप घेऊ का? स्पीच-हिअरिंगच्या मुलांसाठी थोडं सविस्तर

मागच्या लेखात सिनॉप्सिस कसा लिहायचा हे सांगितलं होतं. तो वाचून अंबरनाथच्या एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, असोसिएशनची स्टुडंट मेंबरशिप घेऊ का? घरी पैसे मागावे लागतील. आणि बाबा पहिलं हेच विचारणार, की मिळणार काय?"

बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी तिला फोनवर जे काही सांगितलं ते अर्धवट होतं (मी लोकलमध्ये होते आणि कल्याण आलं होतं), म्हणून आता नीट लिहिते. तुम्ही बीएएसएलपी करत असाल, मास्टर्सला असाल, किंवा पीएचडीचा विचार डोक्यात असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. दुसऱ्या शाखेतले असाल तरी वाचा. नावं बदलतील, गणित तेच राहील.

आधी एक गोंधळ सोडवू, कारण तो दरवर्षी नव्याने दिसतो. पदवी, नोंदणी आणि सभासदत्व या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी विद्यापीठ देतं. नोंदणी सरकारने कायद्याने उभी केलेली परिषद देते. सभासदत्व देते संघटना, म्हणजे तुमच्याच व्यवसायातल्या लोकांनी एकत्र येऊन काढलेली संस्था. पहिल्या दोन असल्याशिवाय तुम्ही पेशंटला हात लावू शकत नाही. तिसरी नसली तरी तुमची प्रॅक्टिस थांबत नाही.

आपल्या क्षेत्रात ही परिषद म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, आपण सगळे जिला आरसीआय म्हणतो. १९९२ चा कायदा आहे. ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट त्या कायद्याखाली येतात, आणि मान्यताप्राप्त संस्थेतून शिकलेल्यांचीच नोंद केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत होते. तो जो सीआरआर नंबर मिळतो, तो तुमचा खरा परवाना. नोंदणी नसताना पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम केलं, किंवा जिथे अशा व्यावसायिकाची सही लागते त्या प्रमाणपत्रावर सही केली, तर कायद्याच्या १३ व्या कलमात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम १९९२ मधली आहे, आज ती वाचून हसू येतं. कैदेचं वाचून मात्र येत नाही.

हे इतकं सांगायचं कारण घडलेलं आहे. आमच्या भागात एका दुकानवजा क्लिनिकच्या पाटीवर नावाखाली "मेंबर" असं लिहून पुढे एक नंबर टाकलेला मी पाहिला होता. सीआरआर नंबर कुठेच नव्हता. आत दोन वर्षांचं मूल घेऊन आलेली आई बसली होती. मूल बोलत नव्हतं, आणि पाटीवर नंबर आहे म्हणजे सरकारमान्य असणार, असा तिचा साधा समज होता. तिची चूक काय? नंबर म्हटला की आपल्याला सरकारच आठवतं. दोन वर्षांच्या मुलाचे सहा महिने चुकीच्या जागी गेले तर ते परत मिळत नाहीत. मेंदू भाषा झपाट्याने उचलतो ती वर्षं हीच. तेव्हा तुमचं सभासदत्व तुमच्या नावापुढे परवान्यासारखं लावू नका, आणि कुणी लावलेलं दिसलं तर पालकांना सीआरआर नंबर विचारायला सांगा.

आता हा गोंधळ आपल्याकडे येतो कुठून, तर बराचसा इंटरनेटवरून. आपण सर्च करतो आणि समोर येतं अमेरिकेचं. तिथली संघटना, अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, १९२५ मध्ये सुरू झाली, आणि ती स्वतःच व्यावसायिक क्षमतेचं प्रमाणपत्र देते. लोक नावापुढे सीसीसी लावतात ते हेच. त्याशिवाय राज्याचा परवाना वेगळा. म्हणजे तिथे संघटना आणि प्रमाणपत्र यांचं नातं आहे, पण परवाना तरीही सरकारचाच. ब्रिटनमध्ये पुन्हा निराळं: रॉयल कॉलेज ही स्पीच थेरपिस्टांची संघटना आणि नोंदणी करणारी परिषद वेगळी. आपली व्यवस्था ब्रिटनच्या जवळची आहे. अमेरिकन वेबसाइट वाचून "मेंबरशिप घेतली की सर्टिफाइड झालो" असं समजू नका.

विद्यार्थ्यांचा विचार मात्र अमेरिकेने लवकर केला. १९७२ पासून तिथे विद्यार्थ्यांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना आहे, तिच्या शाखा विद्यापीठांत चालतात, आणि विद्यार्थी असताना सलग सभासद राहिलेल्यांना पुढे मुख्य संघटनेत येताना शुल्कात सूट मिळते. हिशेब सरळ आहे. आज वीस वर्षांची असलेली मुलगी उद्या संघटनेची वर्गणी भरणार, समितीवर बसणार, जर्नलसाठी लेख तपासणार. तिला आत्ताच दारात घ्या.

आपल्याकडची मुख्य संघटना म्हणजे इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशन, बोलताना इशा. ती १९६० च्या दशकातली. त्या वेळी देशात हा विषय नुकता रुजत होता. मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था ९ ऑगस्ट १९६५ ला सुरू झाली. मुंबईत नायर हॉस्पिटलमधला विभाग हा देशातल्या जुन्या शिक्षणकेंद्रांपैकी एक. वांद्र्याची अली यावर जंग संस्था बरीच नंतरची, ९ ऑगस्ट १९८३ ची. (दोन्ही राष्ट्रीय संस्थांचा वाढदिवस एकाच तारखेला येतो, हे मला मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षी कळलं.) मोजकी माणसं, मोजक्या संस्था, आणि एकमेकांपासून हजार किलोमीटरवर. अशा वेळी संघटना काढायची ती मिरवायला नाही, तर माझ्याकडे जे चाललंय ते तुझ्याकडेही चाललंय का, हे विचारायला. इशाची वार्षिक परिषद, इशाकॉन, दर वेळी वेगळ्या शहरात भरते. संघटनेचं जर्नलही आहे. भारतीय भाषांवरचं, भारतीय पेशंटांवरचं काम शोधायला बसलात की पहिल्या काही जागांमध्ये तुम्ही तिथेच पोहोचणार.

हे झालं पुस्तकी. आता बाबांच्या प्रश्नाकडे.

मिळतं काय, याचं माझं उत्तर असं, की आपल्यासारख्या गावांतल्या मुलांना संघटनेतून मिळते ती प्रश्न विचारणारी माणसं. बाकी जर्नल, सवलत, सर्टिफिकेट हे सगळं दुय्यम.

जरा खुलासा करते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथे दवाखाने आहेत, कानाची मशीन विकणारी दुकानं आहेत, विशेष मुलांच्या शाळा आहेत. पण विभाग म्हणावा असा, जिथे चार संशोधक एका टेबलावर बसून चहा पीत तुमची कल्पना फाडतात, असा कोपरा जवळ नाही. त्यासाठी सकाळची गाडी पकडायची, दादरला पूल चढून वेस्टर्नला जायचं, वांद्र्याला उतरून रिक्लेमेशनकडे. किंवा मुंबई सेंट्रल. संध्याकाळी पाचनंतर तिथे जी खरी चर्चा सुरू होते तेव्हा आपण घड्याळ बघत असतो, कारण नंतरच्या गाडीत शिरायला मिळत नाही. हॉस्टेलची मुलं थांबतात. आपण निघतो. मी पाच वर्षं अशी निघाले आहे, आणि त्याने काय हुकतं ते मला एकदा चांगलंच कळलं.

माझ्या मास्टर्सच्या डिझर्टेशनचा विषय उल्हासनगरमधून आला. १९४९ मध्ये वसलेलं हे शहर. त्याआधी तिथे लष्करी छावणी होती, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना तिथे ठेवलं. आजही पत्ता सांगताना कॅम्प तीन, कॅम्प चार असंच सांगतात. इंटर्नशिपमध्ये मी तिथल्या वृद्धांच्या श्रवणतपासण्या करत होते. एक आजी होत्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांची तक्रार तीच, जी सगळ्या म्हाताऱ्या माणसांची असते: ऐकू येतं, पण कळत नाही.

ही तक्रार नीट मोजायची तर दोन गोष्टी लागतात. पहिली शुद्ध स्वराची तपासणी, म्हणजे हेडफोनमधून बीप द्यायची आणि किती बारीक बीप ऐकू येते ते टिपायचं. दुसरी शब्दांची. ओळखीचे शब्द हळूहळू लहान आवाजात ऐकवायचे, पेशंटने ते पुन्हा म्हणायचे, आणि ज्या पातळीला साधारण निम्मे शब्द बरोबर येतात ती झाली शब्द ओळखण्याची उंबरठा-पातळी. ५००, १००० आणि २००० हर्ट्झला आलेल्या बीपच्या सरासरीशी ही पातळी साधारण जुळायला हवी. नाही जुळली तर काहीतरी गडबड आहे असं समजायचं. इंग्रजीत यासाठी दोन्ही अवयवांवर सारखा जोर असलेले शब्द वापरतात. आपल्या भाषांत तसे शब्द फारसे नाहीत, म्हणून दोन किंवा तीन अक्षरांचे नेहमीचे शब्द घेतात.

आजींची पातळी जुळेना. मी हिंदी शब्द दिले होते. त्यांना हिंदी येत होतं, बाजारात आयुष्यभर तेच बोलल्या. पण अर्धवट ऐकू आलेला शब्द मनात पुरा करायचं काम माणूस आपल्या भाषेत करतो. मग मला प्रश्न पडला, की ही गडबड कानाची की यादीची? आणि ठरलं, सिंधी शब्दांची यादी करायची.

मी उत्साहात आराखडा केला. सिंधी पाठ्यपुस्तकातून दोनशे शब्द, ते पन्नास वृद्धांना वाचायला देऊन "किती ओळखीचा" यावर गुण, वरचे निवडायचे, कॉलेजमधल्या एका सिंधी मुलाकडून रेकॉर्ड करून घ्यायचे. माझ्या गाइडना तो पटला. त्यांना सिंधी येत नव्हतं, मलाही येत नाही, मी बदलापूरची. त्या वर्षी मी विद्यार्थी सभासद झाले होते. परिषदेसाठी गोषवारे मागवल्याची मेल आली, तर मी आराखडाच पोस्टर म्हणून पाठवला. निष्कर्ष नाहीत, नुसता आराखडा. स्वीकारला गेला याचंच आश्चर्य वाटलं.

पोस्टरपाशी दीड तास उभी होते. बहुतेक लोक हसून पुढे गेले. मग दक्षिणेतल्या एका संस्थेतल्या प्राध्यापिका थांबल्या. त्यांनी तीन प्रश्न विचारले.

पहिला: वाचायला देणार म्हणजे कोणत्या लिपीत? मी म्हटलं, देवनागरीत. त्या म्हणाल्या, ऐंशी वर्षांच्या माणसाने शाळेत सिंधी कोणत्या लिपीत शिकलं असेल? माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या पिढीने शिकलं असेल तर अरबी वळणाच्या लिपीत. आणि त्यातल्या कित्येक बायका शाळेतच गेल्या नव्हत्या. म्हणजे माझी "ओळखीचा शब्द" ही चाचणी शब्दाची नव्हतीच, लिपीची होती. कानाच्या चाचणीसाठी शब्द निवडताना ते कानानेच तपासून घ्यायला हवेत.

दुसरा: रेकॉर्ड करणारा मुलगा घरी सिंधी बोलतो का? मी सांगितलं, कळतं त्याला, बोलतो हिंदीत. त्या म्हणाल्या, मग त्याच्या तोंडी आत ओढलेले आवाज आहेत का ते ऐकून घ्या. हे थोडं समजावते. सिंधीत ग, ज, ड, ब या चार व्यंजनांचे जोडीदार आहेत. ते म्हणताना हवा बाहेर टाकण्याऐवजी स्वरयंत्र खाली ओढलं जातं. देवनागरीत ते खाली रेघ देऊन लिहितात: ॻ, ॼ, ॾ, ॿ. आपल्याला हा फरक लवकर ऐकूही येत नाही, पण त्यांच्या भाषेत "ॿार" म्हणजे मूल आणि "बार" म्हणजे ओझं. आपल्याकडे "जग" म्हणजे दुनिया आणि "जग" म्हणजे जगण्याची आज्ञा, लिहायला एकच आणि म्हणताना दोन; तसंच काहीसं, फक्त तिथे लिपीनेही फरक धरून ठेवलाय. हिंदीवर वाढलेल्या मुलाच्या तोंडी दोन्ही ब सारखेच झाले असतील, तर आजीला मी पुन्हा परकी भाषाच ऐकवणार होते.

तिसरा प्रश्न त्यांनी जाता जाता विचारला: पन्नास वृद्ध मिळतील, पण त्यांतले किती सिंधच्या एकाच भागातले? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बोलीभेद असू शकतो हे माझ्या आराखड्यात कुठेही लिहिलं नव्हतं.

दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत माझं सहा महिन्यांचं काम वाचलं, नाहीतर मी ते सगळं करून व्हायवामध्ये पहिल्याच प्रश्नाला गप्प उभी राहिले असते. जाताना त्यांनी दुसऱ्या एका भाषेत अशीच यादी करणाऱ्या बाईंचं नाव दिलं, मी त्यांना लिहिलं, आणि आठवड्याभरात त्यांचा प्रबंध आणि शब्दांची कच्ची कोष्टकं माझ्या इनबॉक्समध्ये होती. त्यांनी मला कधी पाहिलेलंही नाही.

आता प्रामाणिकपणे सांगते, हे सभासदत्वामुळे झालं असं मी बाबांना छातीठोक सांगू शकत नाही. कदाचित बिगर-सभासद म्हणूनही पोस्टर लावता आलं असतं, जास्त पैसे देऊन. पण गोषवाऱ्याची मेल आली म्हणून मी पाठवला. मेल आली कारण यादीत नाव होतं. माझ्यासारख्या, सव्वापाचची गाडी पकडणाऱ्या मुलीच्या कानावर या गोष्टी कॉरिडॉरमध्ये पडत नाहीत. त्यांना इनबॉक्समधूनच यावं लागतं.

उलटी बाजूही सांगायला हवी. माझ्या बॅचमधल्या एकीने माझ्याबरोबरच पैसे भरले. तिने एकही मेल उघडली नाही, परिषदेला आली नाही, कार्ड ड्रॉवरमध्ये. तिचे पैसे वाया गेले, आणि ती तसं म्हणतेही. सीव्हीत एक ओळ वाढली, बस. त्या ओळीचं वजन किती? पीएचडीच्या मुलाखतीत मला कुणी सभासद आहेस का असं विचारलं नाही. विचारलं ते हे, की तुझा आराखडा बाहेरच्या कुणी बघितलाय का, आणि त्यावर काय आक्षेप आले. मी ते तीन प्रश्न सांगितले. मुलाखत तिथून पुढे माझ्या बाजूने झाली असं मला वाटतं.

म्हणून माझं मत असं. तुम्ही पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल आणि पैसे ओढाताणीचे असतील, तर आत्ता घेऊ नका. जर्नलमध्ये चाळण्यासारखं पुष्कळ आहे, ते आधी वाचा. इंटर्नशिपच्या वर्षी किंवा मास्टर्सच्या पहिल्या सहामाहीत घ्या, जेव्हा तुमच्याकडे दाखवायला एखादा कच्चा प्रश्न असेल. आणि ज्या वर्षी घ्याल त्या वर्षी काहीतरी पाठवायचंच, असं आधीच ठरवा. विद्यार्थ्यांसाठी कोणता प्रकार, फी किती, सही कुणाची लागते, हे संघटनेच्या चालू फॉर्मवर बघा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारा फॉर्म कोणत्या वर्षीचा असतो ते देवच जाणे. विभागप्रमुखांची सही लागणार असेल तर परीक्षेच्या आधी घेऊन ठेवा. मे महिन्यात कुणी सापडत नाही.

एक सावधगिरी. एकदा तुमचं नाव कुठल्या गोषवाऱ्यात छापून आलं, की मेलबॉक्समध्ये "इंटरनॅशनल" नावाच्या संघटनांची रांग लागते. चोवीस तासांत सभासदत्व, सोबत फ्रेम करण्याजोगं सर्टिफिकेट, वर एक शोधनिबंध छापून देण्याचं आश्वासन. खरी संघटना ओळखायची तर तिची घटना वाचायला मिळते का, निवडून आलेली समिती आहे का, आचारसंहिता आहे का, परिषद दरवर्षी खरोखर भरते का, ते बघा. आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे तुमच्या पाठ्यपुस्तकांत ज्यांची नावं येतात, त्यांच्यापैकी कुणी तिथे आहे का. माझ्या ओळखीच्या एका मुलाने अशा एका ठिकाणी पैसे भरले आणि लेखही दिला. लेख छापून आला, पण आता तोच मजकूर चांगल्या जर्नलला पाठवता येत नाही. वर्षभराचा डेटा अडकून बसलाय.

सभासद झाल्यावर करायचं काय, याची मोठी यादी मी देत नाही, कारण यादी दिली की माणूस यादीच करत बसतो. मी जे केलं ते सांगते. परिषदेच्या आधी गोषवाऱ्यांचं पुस्तक येतं, ते लोकलमध्ये बसून वाचायचं, आणि आपल्या प्रश्नाच्या जवळचे चार-पाच लोक हेरून ठेवायचे. मोठ्या भाषणांपेक्षा पोस्टरच्या रांगेत जास्त वेळ घालवायचा. स्वयंसेवक म्हणून नाव द्यायचं, कारण रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसलेल्या मुलीला सगळे ओळखतात. आणि कुणी प्रश्न विचारला तर तिथल्या तिथे बचाव करायचा नाही, वहीत उतरवायचा. मी पहिल्या प्रश्नाला बचाव सुरू केला होता. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

आपल्या भागात प्रश्न कमी नाहीत, हेही सांगते, नाहीतर मुलं म्हणतात इथे काय संशोधन करणार. त्या ज्युनिअरचाच प्रश्न घ्या. तिचे काका अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर आहेत, घरी टीव्हीचा आवाज वाढवतच चाललेत. आवाजामुळे येणारं बहिरेपण हे कायद्याने कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांमध्ये आहे. पण दहा-बारा माणसांचे किती वर्कशॉप त्या कायद्याच्या व्याख्येत बसतात, आणि बसत नाहीत त्यांच्या कामगारांचे कान कोण तपासतं? तिला तेच मोजायचंय. आराखडा चांगला आहे, एक गोष्ट सोडून: ती शिफ्ट सुटल्यावर गेटवरच तपासणी करणार होती. आवाजातून नुकत्याच बाहेर आलेल्या कानाची पातळी काही तास तात्पुरती घसरलेली असते, विश्रांतीनंतर ती काही प्रमाणात परत येते. कायमचं नुकसान मोजायचं तर किमान १४ तास गोंगाटापासून लांब राहिलेला कान हवा. म्हणजे साप्ताहिक सुट्टीनंतरची सकाळ, कामावर जाण्याआधी. आणि खोली रेल्वेलाइनपासून दूर, नाहीतर दर चार मिनिटांनी तुम्ही कामगाराचा कान नाही, मध्य रेल्वे मोजत असता.

हे मला सुचलं कारण मी तेवढं वाचलेलं होतं. पण वर्कशॉपमधल्या आवाजाचं मोजमाप, तो दिवसभर कमी-जास्त होतो त्याचं काय करायचं, मालक परवानगी देताना कामगारावर दबाव येत नाही ना हे नीतिसमितीला कसं दाखवायचं, यातलं मला फारसं कळत नाही. ते कळणारी माणसं देशात आहेत, आणि ती त्या परिषदेत पोस्टरच्या रांगेतून फिरत असतात. मी तिला सांगितलं, आराखडाच पाठव, निष्कर्षांची वाट बघू नकोस. बाबांना सांग की हे पैसे कार्डाचे नाहीत.

माझ्या यादीचं म्हणाल तर मास्टर्समध्ये ती अर्धीच झाली. शब्द ऐकवून निवडले, वाचून नाही. त्या मुलाऐवजी कॅम्प चारमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने रेकॉर्डिंग केलं, त्यांच्या घरी आजही सिंधीच चालतं. बोलीभेदाचा प्रश्न मी पीएचडीत घेऊन आले आहे. सध्या वृद्धांना आधी एवढंच विचारते, की तुमचं घर सिंधमध्ये कुठे होतं. बहुतेकांना ते गावच्या नावासकट आठवतं, मग अर्धा तास जातो आणि त्या दिवशी तपासण्या दोनच होतात.